नोकरी सांभाळून सीए: रोजचे तास ठरवायच्या आधी वर्षाचं कॅलेंडर काढून बस

प्रश्न विचारणाऱ्याने बरंच मोकळेपणाने लिहिलंय, त्यातलं मुख्य असं: वय २७, बी.कॉम., कणकवलीजवळ एका काजू फॅक्टरीत अकाउंटंट, ड्युटी साडेनऊ ते साडेसहा पण सीझनला रात्रीचे नऊ वाजतात, घरी आई-वडील आणि थोडी आंब्याची कलमं, सीए करायचंय पण नोकरी सोडणं परवडत नाही. तर रोज किती तास अभ्यास करू, महागातला ऑनलाइन क्लास घेऊ का, आणि या वयात उशीर झालाय का.

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी चिपळुणात प्रॅक्टिस करते. ऑफिसात आर्टिकल्स, म्हणजे सीएचं ट्रेनिंग घेणारी मुलं असतात, पगारी स्टाफ असतो, त्यातली बरीच मुलं-मुली काम करता करता परीक्षा देतात, शिवाय क्लायंटकडचे अकाउंटंटही अधूनमधून हाच विषय काढून बसतात. जवळून बघत आलेय त्यावरून सांगते.

तुझ्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न आहे जो तू विचारलेलाच नाहीस, आणि खरी अडचण तिथे आहे. सीएची परीक्षा नोकरी करून देता येते पण सीए नोकरी करून पूर्ण होत नाही, कारण मध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं ट्रेनिंग आहे. २०२३ च्या नव्या स्कीममध्ये ती तीनची दोन वर्षं झाली, इंटरचे, म्हणजे फायनलच्या आधीच्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप सुटल्यावर सुरू होते, आणि त्या काळात दुसरीकडे नोकरी करता येत नाही. फॅक्टरीतला अनुभव कितीही चांगला असला तरी तो आर्टिकलशिप म्हणून धरत नाहीत. म्हणजे आज ना उद्या दोन वर्षं तुला पगार सोडून स्टायपेंडवर राहावं लागणार, आणि स्टायपेंडमध्ये घर चालत नाही हे तुला मी सांगायला नको.

हे ऐकून बरेच जण तिथेच गप्प होतात, पण एवढ्यात निराश व्हायचं कारण नाही. इंटर तुला नोकरीत राहून देता येतं, आणि इंटर होईपर्यंत जो काळ जातो त्यात दोन वर्षांच्या घरखर्चाची सोय करता येते. ती होणारच नसेल, वडिलांचं औषधपाणी असेल, कर्जाचा हप्ता असेल, तर सीएमएचा रस्ता नीट बघ. कॉस्ट अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटचा कोर्स, इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, परीक्षा जून आणि डिसेंबरला. त्यातही पंधरा महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहेच, पण कामाचं स्वरूप त्यांच्या यादीत बसत असेल तर चालू नोकरीतलाच अनुभव त्यात धरतात. तू मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहेस, कॉस्टिंगच्या जवळ आहेस, तुला हे बसू शकतं. फक्त अनुभवाचं पत्र मालक कुठल्या शब्दात देणार ते आधी विचारून घे, नंतर नको.

सीएमए म्हणजे सीएला जमलं नाही म्हणून केलेला कोर्स असं आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत लोक बोलतात, ते डोक्यातून काढ. फॅक्टरीत राहून वर जायचं असेल तर सीएमए सरळ उपयोगाचा आहे. स्वतःचं ऑफिस काढून टॅक्स ऑडिट, कंपनी ऑडिट करायचं असेल तर सीएच लागेल. तुला नक्की कुठे बसायचंय यावर हे अवलंबून आहे आणि ते तूच ठरवू शकतोस.

पुढचं मी तू सीए इंटर देणार असं धरून लिहिते, सीएमएवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

आता तास. रोज किती तास, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला उलटं विचारते की वर्षातले कुठले महिने तुझे आहेत. नोकरी करणाऱ्याचे सगळे महिने सारखे नसतात, आणि अकाउंट्समधल्या माणसाचे तर नसतातच. दर महिन्याला सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-वन, वीसला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न, हे झालं नेहमीचं. त्यावर ३१ मार्चचं क्लोजिंग, मेअखेर आणि जुलैअखेर टीडीएस रिटर्न, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांचं रिटर्न, आणि मुदतवाढ मिळाली की तेच काम आणखी पुढे लांबतं. हे सगळं एका कागदावर मांड. मग त्यावर तुझ्या धंद्याचा सीझन मांड. काजू बी फेब्रुवारीपासून यायला लागते, मार्च ते मे खरेदीचा धडाका, रोज शेतकऱ्यांची पेमेंट, वजनाच्या पावत्या, गोणींचा हिशोब. त्यात घरची कलमं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पहाटे आंबे उतरवायला तू लागणारच. शिवाय शिमगा. मग गणपती, ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, घरात मुंबईची माणसं, दहा दिवस पुस्तक उघडणं कठीण.

आता इंटरच्या परीक्षा कधी असतात ते बघ. २०२४ पासून वर्षातून तीनदा झाल्या: जानेवारी, मे, सप्टेंबर. मेची परीक्षा तुझ्यासाठी नाहीच, क्लोजिंग आणि काजू दोन्ही डोक्यावर असताना रिव्हिजन होत नाही. सप्टेंबरची म्हणजे आधी गणपती, नंतर टॅक्स ऑडिट, आणि फॅक्टरीचा सणासुदीचा डिस्पॅच त्यातच. राहिला जानेवारी. ३१ ऑक्टोबर उलटला की नोव्हेंबर-डिसेंबर हे अकाउंट्सवाल्याचे त्यातल्या त्यात मोकळे महिने, हवा चांगली, लाइट जात नाही, कामावर कोणी घाईला आलेलं नसतं. कार्तिकापासून गावोगाव जत्रा आणि दशावतार सुरू होतात तेवढं सांभाळ, रात्रभर जागलास की पुढचे दोन दिवस गेले.

हे सगळ्यांना असंच लागू नाही. मालवण-तारकर्लीकडे हॉटेलात अकाउंट्स बघणाऱ्याला पावसात काम कमी, दिवाळी ते मे गर्दी, त्याला सप्टेंबर बरा पडतो. मासळीच्या धंद्यात असलेल्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते दोन महिने हातात असतात, त्यालाही सप्टेंबरच. बँकेत असशील तर आणखी वेगळं. म्हणून दुसऱ्याचं टाइमटेबल यूट्यूबवर बघून आपल्याला लावू नये, तो दिल्लीत घरी बसून चौदा तास वाचणारा मुलगा असतो आणि त्याच्या घरी ना काजू ना गणपती.

जानेवारी धरलास तर एक तारीख महत्त्वाची. ग्रॅज्युएशनवरून डायरेक्ट एंट्रीने, म्हणजे फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता, येणाऱ्याला परीक्षेच्या महिन्याच्या आधी आठ महिने रजिस्ट्रेशन झालेलं लागतं, म्हणजे जानेवारीसाठी मेच्या सुरुवातीच्या आत. नेमका तो तुझा सर्वात गर्दीचा काळ, म्हणून ते काम मार्च उजाडायच्या आत उरकून टाक. मार्कशीट, फोटो, सही स्कॅन, फी, एका रविवारचं काम आहे पण सीझनमध्ये तो रविवार मिळत नाही.

मग जून ते सप्टेंबर पहिलं वाचन. इथे तासांचा हिशोब येतो. कामाच्या दिवशी अडीच तास आणि रविवारी पाच-सहा, म्हणजे आठवड्याला वीसच्या आसपास. याहून जास्त मी नोकरी करणाऱ्याला सांगत नाही, सुरुवातीचे आठ-दहा दिवस जमतं आणि मग माणूस आजारी पडतो. वीस तासांनी सोळा आठवड्यांत तीनशे वीस तास होतात, ग्रुप एकचे तीन पेपर (अकाउंट्स, लॉ, टॅक्स), प्रत्येकी शंभरेक तास. पहिल्या वाचनाला, म्हणजे वाचणं अधिक प्रत्येक धड्याची उदाहरणं हाताने सोडवणं, एवढं पुरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरं वाचन आणि पेपर सोडवणं, आणि शेवटी रजा.

ते अडीच तास शक्यतो सकाळचे असू देत. संध्याकाळचे तास तुझे नसतात, मालकाचा फोन आला की गेले, पावसात लाइट गेली की गेले. पहाटे पाच ते साडेसात तुला कोणी बोलवत नाही. अर्थात हे माझ्या ऑफिसातल्या बहुतेकांना जमलंय म्हणून सांगते, एक मुलगी मात्र रात्री मुलाला झोपवून दहा ते साडेबारा बसायची आणि तिला तेच सोयीचं होतं. वेळ कुठलीही घे पण तीच ठेव.

दोन्ही ग्रुप एकदम की एक-एक? नियम असा की प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. दोन्ही ग्रुप एकत्र दिलेस तर ६०० पैकी ३०० चालतात, एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला कामी येतात, एकात १६५ आणि दुसऱ्यात १३५ असले तरी दोन्ही सुटतात. याच आशेवर लोक दोन्हीचा फॉर्म भरतात. पण त्यासाठी सहा पेपरची तयारी लागते आणि तीनशे वीस तासांत सहा पेपर म्हणजे कुठलाच धड नाही. तुझ्या परिस्थितीत मी एकच ग्रुप सांगेन. ग्रुप सुटला नाही तरी एखाद्या पेपरला ६० किंवा वर मार्क असले तर त्या पेपरची सूट पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत राहते, म्हणून अवघड वाटतो तो पेपर सोडून घरी यायचं नाही, तिन्ही पेपरना बसायचंच.

इथवरचं थोडक्यात: आर्टिकलशिपचा विचार आधी, अटेम्प्ट जानेवारीचा, रजिस्ट्रेशन मार्चच्या आत, ग्रुप एक, आठवड्याला वीस तास. हे ठरलं की अभ्यास कसा करायचा ते बघू, आणि त्यात तुला एक मोठा फायदा आहे आणि त्याच फायद्यात एक धोका आहे.

फायदा हा की तू रोज जे करतोस त्यातलं निम्मं पुस्तकात आहे. जीएसटी घे. शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी तुमच्यासारख्या रजिस्टर्ड फॅक्टरीने घेतली की टॅक्स शेतकरी भरत नाही, रिव्हर्स चार्जने फॅक्टरी भरते. हे तू दर महिन्याला करतोस. तो टॅक्स, खरेदीवर आधी भरलेल्या टॅक्सच्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही, कॅश लेजरमधून रोखच भरावा लागतो, आणि भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं, हेही तुला माहीत असेल. इतर मुलांना रिव्हर्स चार्ज पाठ करावा लागतो, तुला तो दिसतो.

आता धोका. परीक्षेत विचारतील की एका बागायतदाराला १० एप्रिलला पैसे दिले, त्याने दिलेला कागद २ एप्रिलचा, माल १८ एप्रिलला आला, टाइम ऑफ सप्लाय, म्हणजे टॅक्सची जबाबदारी लागते ती तारीख, कुठली? तू ऑफिसात याचा विचारच करत नाहीस, महिना एकच आहे, थ्री-बीत एकच आकडा जातो, सॉफ्टवेअर बघून घेतं. परीक्षेत मात्र सांगावं लागतं की रिव्हर्स चार्जच्या मालाला तीन तारखा तपासायच्या: माल मिळाल्याची, पैसे दिल्याची, आणि पुरवठादाराच्या कागदापासून तीस दिवस संपल्यानंतरचा दिवस, म्हणजे इथे ३ मे. यातली सगळ्यात आधीची, म्हणून १० एप्रिल. तीन ओळींचं काम आहे, पण ज्याने वर्षानुवर्षं रिटर्न भरलंय तो "हे मला येतं" म्हणून जीएसटीचा धडा चाळून पुढे जातो आणि नेमका तिथेच मार्क घालवतो. टॅक्सला कमी मार्क पडलेले मी जे बघितलेत त्यात टॅक्सचंच काम करणारे बरेच असतात. म्हणून जे येतं असं वाटतं त्याला पहिला वेळ दे.

अकाउंट्सचंही तसंच. टॅलीत व्हाउचर टाकलं की बॅलन्स शीट आपोआप तयार, त्यामुळे हाताने लेजर उतरवायची, कॅश फ्लो मांडायची सवय गेलेली असते. आकडेमोड मंदावते. परीक्षेला साधा बारा आकडी कॅल्क्युलेटर चालतो, तो आत्ताच घे आणि अभ्यासाला तोच वापर, मोबाइलवरचा नको. ऑफिसात मोकळा असशील तेव्हा तुमच्याच फॅक्टरीच्या स्टॉकवर अकाउंटिंग स्टँडर्ड दोन, म्हणजे स्टॉकची किंमत धरायचा नियम, लावून बघ. बी, अर्धवट प्रक्रियेतला माल, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे गराचे ग्रेड, तुकडा, प्रत्येकाची किंमत कशी धरलीय, कॉस्ट की नेट रिअलायझेबल व्हॅल्यू (विकून हातात येणारी निव्वळ किंमत), जी कमी ती, आणि टरफल विकून येणारे पैसे कुठे दाखवलेत. टरफल हे बायप्रॉडक्ट, त्याची विकून येणारी निव्वळ किंमत मुख्य मालाच्या खर्चातून वजा व्हायला हवी. हेच पुढे ग्रुप दोनच्या कॉस्टिंगला जॉइंट प्रॉडक्ट, बायप्रॉडक्ट म्हणून परत येतं. सोलणी आणि ग्रेडिंगच्या सुपरवायझरला विचार की शंभर किलो बीतून गर किती निघतो, साधारण पाव हिस्सा म्हणेल, मग सगळा खर्च त्या पाव हिश्श्यावर कसा बसतो ते कागदावर मांड. एकदा असं मांडलंस की तो धडा तुला परत वाचावा लागणार नाही.

इन्कम टॅक्सला एक सावधगिरी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे नंबर बदलले, प्रीव्हियस इयर-असेसमेंट इयरच्या जागी टॅक्स इयर आलं. तू ऑफिसात जुने नंबर तोंडपाठ बोलतोस ते जिभेवरून उतरवावे लागतील. कुठल्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठपर्यंतच्या दुरुस्त्या लागू, हे सीएचं इन्स्टिट्यूट दर वेळी जाहीर करतं, ते बघूनच पुस्तक घे. ओळखीच्या मुलाची जुनी पुस्तकं फुकट मिळतायत म्हणून टॅक्सला वापरू नकोस. अकाउंट्सला एखादं वर्ष मागचं पुस्तक चालून जाईल, टॅक्सला नाही.

आता लिहिणं, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. पेपरमध्ये ३० मार्कांचे एमसीक्यू आणि ७० मार्कांचं लेखी. नोकरी करणारी माणसं हाताने लिहितच नाहीत, सही सोडली तर दिवसभर कीबोर्ड. तीन तास लिहायचं म्हटलं की दीड तासाने हात दुखतो, अक्षर जातं, शेवटचे वीस मार्क सुटतात. ऑक्टोबरपासून दर रविवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे परीक्षेच्याच वेळेला, एक पूर्ण पेपर हाताने लिहायचा. इन्स्टिट्यूटच्या साइटवर मॉक टेस्ट पेपर, रिव्हिजन टेस्ट पेपर, मागच्या परीक्षांची सजेस्टेड उत्तरं सगळं फुकट आहे.

लॉचं उत्तर कसं लिहायचं ते एक उदाहरण देऊनच सांगते. प्रश्न: एका कंपनीची लगतच्या आधीच्या वर्षातली उलाढाल ३०० कोटी, निव्वळ नफा ६ कोटी, सीएसआर (समाजकामावर खर्च करायची तरतूद) लागू का? माझ्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, "होय, नफा ५ कोटींपेक्षा जास्त आहे." उत्तर बरोबर, पण चार मार्कांच्या प्रश्नाला याचा एखादाच मार्क मिळेल. तिला मी परत लिहायला लावलं: कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, यातली कुठलीही एक अट पुरेशी. मग: इथे उलाढालीची अट पूर्ण होत नाही पण नफ्याची होते. मग: म्हणून लागू. आधी तरतूद, मग दिलेला प्रसंग, मग निष्कर्ष, प्रत्येकाचा वेगळा परिच्छेद. ऑफिसात मालकाला आपण फक्त निष्कर्ष सांगतो, त्याला तेवढंच हवं असतं, त्यामुळे कामातून आलेल्या माणसाचं उत्तर नेहमी आखूड होतं.

भाषेचं पण बोलायला हवं, कारण तू लिहिलंयस की दहावीपर्यंत मराठी मीडियम. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. बहुतेक जण इंग्रजीच घेतात आणि ते बरं, साहित्य त्यात जास्त आहे. इंग्रजी फर्डं असायची गरज नाही. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक मुद्दा, कायद्यातले ठरावीक शब्द मात्र तेच्या तेच. ते यावेत म्हणून लॉचं मटेरियल रोज अर्धा तास मोठ्याने वाच, घरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. समजून घेताना मराठीतच समजून घे, वहीच्या कडेला मराठीत लिही, लिहिताना इंग्रजी. आणि नोट्सचे फोटो काढून ठेवत जा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा पहिल्या माळ्यापर्यंत पाणी होतं, फायली गेल्या त्या गेल्याच पण पोरांच्या लिहिलेल्या वह्या गेल्या त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

क्लासचं उत्तर सोपं आहे. तिन्ही पेपरचा पन्नास-साठ हजारांचा क्लास घेऊ नकोस. दीडशे-दोनशे तासांची लेक्चर्स एका पेपरची, ती बघण्यातच तुझे शंभर तास संपतील आणि लिहायला काही उरणार नाही. इन्स्टिट्यूटचे स्वतःचे लाइव्ह क्लास फुकट असतात, तिथून सुरुवात कर, आणि जो एखादा विषय स्वतः वाचून अजिबात चढत नाही तेवढ्याचाच बाहेरचा क्लास घे. तुझ्या बाबतीत तो लॉ असेल असं वाटतंय, अकाउंट्स आणि टॅक्स तू वाचून करशील.

रजेबद्दल. बहुतेक जण मालकापासून अभ्यास लपवतात, की याला कळलं तर हा नोकरी सोडणार म्हणून दुसरा माणूस बघेल. आणि मग डिसेंबरच्या शेवटी एकदम वीस दिवसांची रजा मागतात. माझ्या एका क्लायंटने अशाच अकाउंटंटला माझ्यादेखत सुनावलं होतं, "परीक्षा आसा तर आधीच सांगूक व्हया होता मा!" आणि त्याचं बरोबर होतं, डिसेंबरचं जीएसटी रिटर्न कोण करणार हा त्याचा प्रश्न. तू जूनमध्येच सांग. सीझन संपलेला असतो, तू तीन महिने रात्री नऊपर्यंत थांबलेला असतोस, मालकाचं मन बरं असतं. सांगताना हेही सांग की रजेत अकरा आणि वीस तारखेचं काम कोण करेल, त्या माणसाला मी नोव्हेंबरात शिकवून ठेवतो, आणि एखाद्या दिवशी तासभर फोनवर असेन. अशी मांडणी केली की वीस दिवस नाही तरी पंधरा मिळतात. त्या दिवसांत नवीन काहीही वाचायचं नाही. आधी सोडवलेलंच परत सोडवायचं.

घरीही तेवढंच स्पष्ट बोल. कोकणात मुलगा घरी असला की तो रिकामा असं धरतात, कोणाला स्टँडवर सोडायचंय, कोणाचा सातबारा काढायचाय, वाडीत कार्य आहे. आईला सांग की साडेसातपर्यंत मी घरात नाही असं समज. पहिला महिना ती विसरेल, नंतर तीच दुसऱ्यांना परत पाठवेल, मी हे बऱ्याच घरांत बघितलंय.

परीक्षेचे पेपर साधारण एक दिवसाआड असतात, दुपारी दोन ते पाच. फॉर्म भरताना सेंटर असं निवड जिथे आदल्या दिवशी जाऊन राहता येईल. घाट चढून-उतरून किंवा एसटीच्या भरवशावर रोज जा-ये करू नकोस, नातेवाइकाकडे राहणार असशील तर लग्नकार्य नसलेलं घर बघ, नाहीतर सरळ लॉज. एका ग्रुपचे तीन पेपर म्हणजे पाच-सहा दिवसांचा खर्च, तो धरून ठेव.

उशीराचं विचारलंयस. हिशोब कर: २८ व्या वर्षी ग्रुप एक, सगळं नीट गेलं तर पुढच्या जानेवारीत ग्रुप दोन, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, त्यानंतर सहा महिने थांबून फायनल. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी सीए म्हणून सही करायला लागशील, एखादा अटेम्प्ट गेला तर आणखी वर्ष. आणि तेव्हा तुझ्याजवळ काजूचा धंदा आतून बघितलेला अनुभव असेल, जो तेविसाव्या वर्षी पास झालेल्या मुलाकडे नसतो. सिंधुदुर्गात छोट्या फॅक्टऱ्या, बागायतदार, होमस्टेवाले, सगळ्यांना हिशोब कळणारा आणि धंदाही कळणारा माणूस हवा असतो. मला तरी यात उशीर दिसत नाही.

आज करायचं ते एवढंच: बी.कॉम.ची मार्कशीट काढ आणि टक्के बघ. कॉमर्सवाल्याला डायरेक्ट एंट्रीला ५५ टक्के लागतात. तेवढे असतील तर वर लिहिलंय तसं सुरू कर. नसतील तर सीएला फाउंडेशनपासून जावं लागेल, सीएमएच्या इंटरला मात्र ग्रॅज्युएशनवर टक्क्यांच्या अटीशिवाय प्रवेश मिळतो, मग मी तुला सीएमएच सांगेन. टक्के इथेच खाली लिही, आणि घरखर्च महिन्याला किती येतो तेही, म्हणजे आर्टिकलशिपच्या दोन वर्षांसाठी किती बाजूला टाकायचे ते आपण बसून काढू.